लेझर : तारक आणि मारक

गेल्या वर्षीची गोष्ट. अनंत चतुर्दशी होऊन पाच दिवस झाले होते. सकाळचे पेशंट संपत आले असताना अकरावीत शिकणारा एक मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. तक्रार एवढीच, की उजव्या डोळ्याने वाचताना ओळीतला मधला शब्द दिसत नाही.

"कधीपासून रे?"

"मिरवणुकीच्या रात्रीपासून. वाटलं, जागरणामुळे असेल."

"डोळा दुखला होता का? पाणी आलं?"

"नाही डॉक्टर. दुखला तर अजिबात नाही."

मी त्याला डावा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सांगितले. तो म्हणाला, "कडेच्या तारखा दिसतात. ज्या तारखेकडे बघतो तीच दिसत नाही. तिथं काळा डाग येतो."

मिरवणुकीत डी.जे.च्या गाडीवर लेझरचे झोत लावलेले होते. हा गाडीसमोर नाचत होता आणि हिरवा झोत दोन-तीन वेळा थेट त्याच्या डोळ्यात आला होता. मी त्याला त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी दृष्टिपटलाच्या म्हणजे रेटिनाच्या तज्ज्ञांकडे पाठविले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी रक्तस्राव झाला होता. मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. वडिलांचा चेहरा पाहवत नव्हता.

पुढच्या खेपेला आला तेव्हा मुलाने मला एक प्रश्न विचारला. "डॉक्टर, माझ्या आजीला साखर आहे. तिच्या डोळ्यावर लेझर करून घ्यायला तुम्हीच पाठवलं होतं. तिची नजर लेझरमुळे वाचली, मग माझी लेझरमुळेच कशी बिघडली?"

प्रश्न फार चांगला होता, पण उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख. हे उत्तर नीट समजायचे असेल, तर सुरुवात आपल्या दवाखान्यापासून न करता जगातील सर्वांत बलाढ्य लेझर यंत्रांपासून करावी लागेल. ही यंत्रे काय करतात हे कळले, की आजीचा डोळा का वाचला आणि नातवाचा का बिघडला, हे आपोआप उलगडेल.

लेझर म्हणजे काय?

आठवडी बाजारातली गर्दी आठवा. जो तो आपल्या दिशेने, आपल्या चालीने जात असतो. साध्या दिव्याचा प्रकाश असाच असतो. त्यात अनेक रंग मिसळलेले असतात आणि तो सगळीकडे पसरतो. आता लेझीमचे पथक आठवा. सर्वांचे पाऊल एकदम पडते, सगळे एकाच दिशेने सरकतात. लेझरचा प्रकाश या पथकासारखा आहे. एकच रंग, एकच दिशा आणि सर्व लहरी एका तालात. म्हणून तो फारसा न पसरता दूरवर जातो आणि भिंगाने सुईच्या टोकापेक्षाही लहान जागी एकवटता येतो.

यामागचे तत्त्व आइनस्टाइन यांनी १९१७ साली मांडले होते. प्रत्यक्ष लेझर तयार झाला तो १६ मे १९६० रोजी. अमेरिकेतील थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून तो निर्माण केला. पुढच्याच वर्षी, १९६१ च्या अखेरीस, न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरील गाठ लेझरने जाळण्यात आली. म्हणजे वैद्यकशास्त्राने या शोधाचा उपयोग दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच करून घेतला, आणि तोही प्रथम डोळ्यासाठी.

येथे एक अभिमानाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर शोधून काढणारे डॉ. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. कारखान्यात लोखंडी पत्रा कापण्यापासून ते शस्त्रक्रियेत सुरीऐवजी वापरण्यापर्यंत हा लेझर आज जगभर कामाला येतो. शरीरातील पाणी त्याचा प्रकाश चटकन शोषून घेते. त्यामुळे तो फार खोल न जाता वरचा थरच उडवतो आणि बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद करतो.

ऊर्जा आणि शक्ती

लाकडात खिळा ठोकायचा आहे. अंगठ्याने दिवसभर दाबत बसलात तरी खिळा आत जाणार नाही. हातोड्याचा एक घाव घातला की जातो. दिवसभरात अंगठ्याने लावलेला जोर कमी नव्हता, पण तो एका क्षणात एकवटला नव्हता. किती ऊर्जा दिली यापेक्षा किती वेळात दिली, यावर शक्ती ठरते. लेझरचे सगळे रहस्य या एका गोष्टीत आहे.

ऊर्जेच्या बाबतीत जगातील सर्वांत मोठा लेझर अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे आहे. नॅशनल इग्निशन फॅसिलिटी असे त्याचे नाव. २००९ साली पूर्ण झालेली ही इमारत दहा मजली उंच असून तिचा विस्तार फुटबॉलच्या तीन मैदानांएवढा आहे. तिच्यात १९२ लेझर किरण तयार होतात आणि ते सर्व मिळून मिरीच्या दाण्याहूनही लहान अशा हायड्रोजनच्या गोळीसाठी खर्ची पडतात. गोळी सोन्याच्या छोट्या डबीत ठेवलेली असते. किरण डबीच्या आतील भिंतीवर आदळतात, तेथून क्ष-किरण निघतात आणि ते गोळीला चोहोबाजूंनी चेपतात. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळून जशी ऊर्जा निघते, तशी ऊर्जा या गोळीतून निघते.

५ डिसेंबर २०२२ रोजी या प्रयोगाला प्रथमच खरे यश आले. लेझरने गोळीकडे २०.५ लाख ज्यूल ऊर्जा पाठविली आणि गोळीतून ३१.५ लाख ज्यूल बाहेर आली. आकडे ऐकून छाती दडपते. पण आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत सांगायचे तर २०.५ लाख ज्यूल म्हणजे अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज! एक हजार वॅटची पाणी तापवायची कांडी चौतीस मिनिटे चालवली तर तेवढीच ऊर्जा खर्च होते. फरक एवढाच, की कांडी ती ऊर्जा चौतीस मिनिटांत देते आणि हा लेझर सेकंदाच्या काही अब्जांश भागात देतो. त्यामुळे त्या क्षणापुरती त्याची शक्ती सुमारे ५० कोटी मेगावॅटच्या घरात जाते. भारतातील सर्व वीजकेंद्रांची एकत्रित क्षमता सुमारे ५ लाख मेगावॅट आहे, म्हणजे ही जवळजवळ हजार पट झाली.

खरे चित्र पुरते सांगायचे तर हा लेझर एकदा चालविण्यासाठी सुमारे ८० युनिट वीज लागते. म्हणजे यातून उद्या घरोघरी वीज येईल असे नाही. त्याला अजून बराच अवकाश आहे. प्रत्यक्ष अणुचाचणी न करता अण्वस्त्रांचा अभ्यास करणे, हाही या यंत्राचा एक उद्देश आहे, हे लपविण्याचे कारण नाही.

तांबड्या पेशीएवढा क्षण

शक्तीच्या बाबतीत मात्र याहूनही पुढे गेलेले लेझर आहेत. रुमानियाची राजधानी बुखारेस्टजवळ मागुरेले येथे युरोपीय देशांच्या सहकार्याने उभारलेला लेझर १० पेटावॅट शक्ती देतो. १० पेटावॅट म्हणजे १००० कोटी मेगावॅट, भारताच्या एकूण वीजक्षमतेच्या वीस हजार पट! आणि याच्या एका ठोक्यात ऊर्जा किती? अडीचशे ज्यूलच्या आसपास. साठ वॅटचा दिवा चार सेकंद जळला तर तेवढीच वीज जाते. चिमूटभर साखर खाल्ल्याने शरीराला याहून अधिक ऊर्जा मिळते.

मग एवढी शक्ती आली कोठून? तर वेळेतून. हा ठोका फक्त वीस-पंचवीस फेमटोसेकंद टिकतो. एक सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे फेमटोसेकंद. प्रकाश एका सेकंदात पृथ्वीला साडेसात प्रदक्षिणा घालील इतका वेगवान आहे. पण या ठोक्याच्या वेळात तो जेमतेम सात हजारांश मिलिमीटर पुढे सरकतो. आपल्या रक्तातील एका तांबड्या पेशीची रुंदी तेवढीच असते.

एवढी शक्ती काचेतून किंवा स्फटिकातून नेली तर तोच फुटून जायचा. ही अडचण १९८५ साली अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात जेरार्ड मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी सोडविली. युक्ती अगदी साधी वाटावी अशी आहे. ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून मोठा जमाव एकदम गेला तर साकव मोडेल. पण एकामागे एक अशी लांब रांग करून सर्वांना पलीकडे नेले आणि तेथे पुन्हा एकत्र केले, तर साकवही शाबूत आणि जमावही पोहोचला. तसाच प्रकाशाचा ठोका आधी वेळेत ताणून लांब करायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आवळायचा. या शोधाबद्दल दोघांना २०१८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या स्ट्रिकलंड या केवळ तिसऱ्या महिला.

एका अपघाताची देणगी

या बलाढ्य लेझरचा आपल्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटले असेल. तो असा. मुरू पुढे मिशिगन विद्यापीठात गेले. १९९३ च्या सुमारास तेथील प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात अशाच अतिजलद लेझरचा किरण गेला. काम करताना त्याने संरक्षक चष्मा वर केला होता. नेत्ररुग्णालयात रॉन कुर्ट्झ या तरुण डॉक्टरांनी त्याचा डोळा तपासला आणि ते चकित झाले. भाजल्याची खूण इतकी नेमकी आणि स्वच्छ होती, की तिच्या कडेच्या भागाला जराही धग लागलेली नव्हती. विद्यार्थ्याच्या दृष्टीला सुदैवाने फारशी हानी झाली नव्हती.

असे का झाले? तापलेल्या तव्याला बोट क्षणभर लागले तर फक्त चटका बसतो, टेकून राहिले तर फोड येतो. उष्णता पसरायला वेळ लागतो. फेमटोसेकंदाचा ठोका इतका लवकर संपतो, की उष्णतेला शेजारी पसरायला वेळच मिळत नाही. जेथे किरण एकवटला तेथील ऊतक तुटते, शेजारचे तसेच राहते. कुर्ट्झ यांनी शास्त्रज्ञांना गाठले आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी या लेझरचा विकास सुरू झाला.

चष्म्याचा नंबर घालविण्याच्या लॅसिक शस्त्रक्रियेत आज डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, पातळ पापुद्रा अनेक ठिकाणी याच जातीच्या लेझरने कापतात. पूर्वी त्यासाठी पाते वापरावे लागे. पापुद्रा उचलल्यावर काचेला नवा आकार देतो तो दुसरा, अतिनील किरणांचा एक्सायमर लेझर. आपल्या देशात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सहकाऱ्यांसह १९८१ साली अमेरिकेत दाखवून दिले, की हा लेझर शेजारचा भाग न जाळता ऊतक थराथराने उडवू शकतो. त्यांनी पहिला प्रयोग केला तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर!

या महाबली लेझरने प्रोटॉन कणांना वेग देऊन त्यांचा कर्करोगावर उपयोग करण्याचेही संशोधन चालू आहे. प्रोटॉनचा फायदा असा, की ते आपली बहुतेक ऊर्जा ठरावीक खोलीवर, गाठीच्या ठिकाणी, सोडतात आणि पलीकडचा भाग वाचतो. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत प्रोटॉन उपचार मिळतात. पण तेथील प्रोटॉनना वेग देणारे यंत्र वेगळ्या जातीचे असून त्याला स्वतंत्र इमारत लागते. लेझरमुळे ते लहान आणि स्वस्त होईल अशी आशा आहे. मात्र ही आशाच आहे. लेझर-प्रोटॉनने कर्करोग बरा करतो असे आज कोणी म्हणाले, तर विश्वास ठेवू नये.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

वरील सर्व माहितीचे सार तीन प्रश्नांत सांगता येते. किती शक्ती? किती वेळ? आणि कोणत्या जागी? लेझर तारक की मारक, हे या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

मधुमेहात दृष्टिपटलावर नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात. त्या फुटल्या की नजर जाते. हे टाळण्यासाठी आजीच्या डोळ्यावर जो लेझर वापरला, त्याची शक्ती एक वॅटहूनही कमी होती. प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त नाही. आणि जागा? तज्ज्ञांनी एकेक ठिपका पाहून दृष्टिपटलाच्या कडेच्या भागात दिला. मधला पीतबिंदू, ज्याने आपण वाचतो आणि माणसे ओळखतो, तो कटाक्षाने टाळला.

मिरवणुकीत नेमके उलटे झाले. असल्या झोतांची शक्ती काही वेळा कित्येक वॅट असते. किरण डोळ्यात किती वेळ जाईल यावर कोणाचे नियंत्रण नव्हते. आणि मुलगा झोताकडे पाहत असल्यामुळे डोळ्याच्या भिंगाने तो किरण अचूक पीतबिंदूवर एकवटला. डोळ्याची रचनाच अशी आहे, की समोरून आलेल्या किरणाची तीव्रता दृष्टिपटलावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटीने वाढू शकते. आपली पापणी मिटायला सेकंदाचा पाव भाग लागतो. एवढ्या तीव्र किरणापुढे हा वेळ फार झाला. शिवाय दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. म्हणून डोळा भाजला तरी मुलाला काही कळले नाही आणि पाच दिवस वाया गेले.

अलीकडच्या वर्षांत आपल्या राज्यात अशा इजा झाल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी मिरवणुकीतील लेझर झोतांवर बंदी घातली होती. पण बंदीची वाट कशाला पाहायची? गाडी ठरविताना मंडळाच्या कार्यकर्त्यांनीच "लेझर नको" असे बजावले तर कितीतरी डोळे वाचतील.

हे लक्षात ठेवा

१) लेझर झोताकडे पाहू नका, त्याच्या रेषेत उभे राहू नका. लहान मुलांना लेझरची खेळणी देऊ नका.

२) झोत डोळ्यात गेल्यावर अंधुक दिसणे, मध्यभागी डाग दिसणे किंवा सरळ रेषा वाकडी दिसणे, यांपैकी काहीही झाले तर दुखत नसले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. डोळा चोळू नका. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालू नका.

३) घरच्या घरी तपासायचे असेल तर एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकटींकडे पाहा. रेषा तुटलेल्या किंवा वाकड्या दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा.

४) मधुमेह असेल तर नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्या. लेझर आहे ती नजर टिकवतो, गेलेली नजर सहसा परत आणत नाही. "दिसेनासे झाले की लेझर करू" असे म्हणणारे उशिरा येतात.

५) मोतीबिंदू लेझरने काढतात हा मोठा गैरसमज आहे. नेहमीच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत मोतीबिंदू फोडतात तो ध्वनिलहरींनी. काही ठिकाणी सुरुवातीचे काप लेझरने देतात एवढेच. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागे पडदा येतो, तो मात्र लेझरने काही मिनिटांत उघडता येतो.

६) "लेझर उपचार" अशी पाटी दिसली की तीन गोष्टी विचारा. कोणता लेझर? कशासाठी? आणि तो चालविणारे डॉक्टर कोण? मुतखडा फोडायचा लेझर वेगळा, त्वचेचा वेगळा, डोळ्याचा वेगळा. यंत्र मोठे आणि महाग आहे म्हणून गुण जास्त येतो असे नाही.

त्या मुलाच्या डोळ्यातील रक्त दोन-अडीच महिन्यांत शोषले गेले. कॅलेंडरवरची तारीख आता त्याला दिसते, पण आकडा मधे किंचित वाकलेला दिसतो. हा दोष राहील असे तज्ज्ञांचे मत आहे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत काय होईल ते अजून ठरायचे आहे. त्याच्या संमतीने, नाव न देता, ही हकीगत मी लिहिली आहे. "डॉक्टर, नक्की छापा," असे तोच म्हणाला.

(पुढील आठवड्यात : मधुमेही व्यक्तींनी पायांची काळजी कशी घ्यावी?)